दहातली एक

फोन ठेवताना देवयानीच्या मनात पहिलं आलं ते एक नाव. त्या बाईचा आजार, रिपोर्ट, त्याखालची आपली सही, हे सगळं नंतर. डोंबिवलीच्या डॉक्टर सुमती अगदी शांतपणे बोलत होत्या, आणि डॉक्टरमंडळी एकमेकांशी इतकं शांत बोलायला लागली की काहीतरी बिनसलेलं असतं, हे तिला ठाऊक होतं. "कांता घरत, वय चव्वेचाळीस. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर निघालाय. दोन वर्षांपूर्वी तुमच्याकडेच पॅपची तपासणी झालेली, रिपोर्ट एकदम स्वच्छ आहे. ती स्लाइड असेल ना अजून? परत एकदा बघाल का?" "बघते ना, लगेच बघते," देवयानी म्हणाली. कपाट उघडायचं होतं, स्लाइडचा नंबर शोधायचा होता, आणि तोवरच तिच्या आत कुणीतरी, शंकेचा लवलेश नसलेल्या आवाजात, म्हणून गेलं होतं : तानाजीची असणार.

ठाण्याच्या वर्तकनगरमधल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या लॅबमध्ये देवयानी बावीस वर्षं डोळ्यांचं काम करत होती. बायकांच्या गर्भाशयाच्या मुखावरून घेतलेल्या पेशी काचेच्या पट्टीवर पसरून, रंगवून यायच्या. एकेका काचेवर हजारोंनी, गुलाबी, नारिंगी, निळसर हिरव्या. आधी लॅबमधल्या एखाद्या तंत्रज्ञानं ती काच सूक्ष्मदर्शकाखाली ओळीओळीनं पालथी घालायची आणि संशय आला तिथं पेनानं बारीक ठिपका द्यायचा. ठिपका असलेली प्रत्येक काच देवयानीकडे यायची. ठिपका नसलेली ती स्वच्छ. पण तंत्रज्ञाचाही डोळा चुकतो, म्हणून स्वच्छ ठरलेल्या काचांतलीही दहातली एक तिनं स्वतः पुन्हा पाहायची, असा नियम होता. दहातली कुठली, ते तिनंच ठरवायचं. सही मात्र दहाही रिपोर्टांवर तिचीच. रजिस्टर काढून तिनं दोन वर्षांपूर्वीचा मार्च उघडला. घरत, कांता. पुढच्या रकान्यात पाहणाऱ्याचं आद्याक्षर : ऋ. त्याच्या पुढचा, 'डॉक्टरांनी पुन्हा पाहिली' हा रकाना, कोरा. तिनं ओळीवर बोट ठेवून परत वाचलं, कारण नुसत्या नजरेनं वाचताना कधीकधी ओळ घसरते. घसरली नव्हती. वरच्या ओळीत ता होता, खालच्या ओळीत ता होता, दोन्हींपुढे तिच्याच हातची खूण होती आणि मधे हा ऋ, पुढे मोकळी जागा. मग तिला पान उलटल्याशिवाय राहवेना. मागचं पान, त्याच्या मागचं, फेब्रुवारी, जानेवारी. ता म्हटलं की खूण, खूण, खूण. दहातल्या आठ, कधी दहाच्या दहा. ऋ म्हटलं की कोरं. ऋ पुढचा पांढरा रकाना पानामागून पान खाली उतरत गेला होता, आणि हे तिनं कधी ठरवलं नव्हतं. कुणी विचारलं असतं तर तिनं शपथेवर सांगितलं असतं, की मी सगळ्यांच्या सारख्याच बघते.

तानाजी आणि ऋजुता, दोघं एकाच महिन्यात लागले होते. तानाजी शहाडचा, वडील कारखान्यात होते, मूळ गाव पाटणकडचं. उल्हासनगरच्या कुठल्याशा संस्थेतला डिप्लोमा, खिशाला तीन पेनं, आणि बोलण्यात सारखं 'नाय'. मुलाखतीत तिनं विचारलं, "बारीक काम आहे, जमेल ना?" तर म्हणाला, "बघतो ना मॅडम, जमेल." त्या 'बघतो ना'मध्ये तिला बेफिकिरी ऐकू आली होती. बोलण्यात असा निवांतपणा, म्हणजे कामातही असणार. ऋजुता डोंबिवलीची, फडके रोडच्या मागे घर, आई बँकेत, स्वतः एम.एस्सी. तिनं बसल्याबसल्या लेन्स कुठल्या कंपनीची आहे ते विचारलं आणि देवयानी खूश झाली. तिचं आडनाव ऐकून नकळत विचारूनही गेली, "मूळच्या कुठल्या तुम्ही?" आणि उत्तर ऐकून दोघी हसल्या, जसं काही एखादी जुनी ओळख निघाली. पहिल्या महिन्यात तानाजीच्या नजरेतून एक संशयास्पद काच निसटली, ऋजुताच्या दोन. ऋजुताच्या वेळी देवयानीनं मनात म्हटलं, नवीन आहे, हात बसेल. तानाजीच्या वेळी म्हटलं, याच्यावर लक्ष ठेवायला हवं. दोन्ही वाक्यं तिला आज शब्दन् शब्द आठवली, आणि आपण ती उच्चारली नव्हती यात आजवर वाटत आलेला सभ्यपणा एकाएकी कसातरीच वाटू लागला.

मग ती त्याच्या मागं उभी राहू लागली. रोज नाही, पण कधीही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ती वाकली की त्याची मान ताठ व्हायची, काच सरकवणारं बोट जागच्या जागी थांबायचं, आणि त्याच्या डोक्याला लावलेल्या खोबरेल तेलाचा वास तिच्या नाकात शिरायचा. "थांबलास का? चालू दे." "हो मॅडम." पण बोट हलायचं नाही. तिला वाटायचं, बघा, हा अडतो. वर्षभरात त्याच्या काचांवर ठिपके वाढत गेले. आधी दोन, मग पाच. एकदा एका अगदी निरोगी काचेवर सतरा. अंगावर गोवर उठावा तशी ती काच दिसत होती. "हे काय आहे तानाजी? सगळंच संशयास्पद?" तो म्हणाला, "राहून जायला नको म्हणून, मॅडम." दिवसाला पंचवीसच्या वर त्याची काच जाईना. ऋजुता सत्तर काढायची, ऐंशी काढायची. वर्षाच्या शेवटी देवयानीनं त्याच्याबद्दल लिहून दिलं : अतिसावध, आत्मविश्वास नाही, वेग कमी, सतत देखरेख लागते. त्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. त्यावरच सहा महिन्यांत त्याला कल्याणच्या केंद्रावर, रक्त गोळा करायच्या कामावर धाडलं गेलं. जाताना पेढे घेऊन आला होता. तिनं अर्धा घेतला होता.

तिनं काच लावली. दिव्याचा पांढरा गोल उजळला आणि ते नेहमीचं जग वर आलं, पातळ गुलाबी पाकळ्या, प्रत्येकीच्या मधे एक छोटा काळा दाणा. ती ओळीनं सरकत राहिली. काही नाही. काही नाही. त्या 'काही नाही'ची तिला किती आशा लागली आहे हे तिच्या ध्यानात आलं. लेबलच्या बाजूला, अगदी कडेला, तो घोळका होता. सात-आठ पेशी, एकमेकींवर चढलेल्या, दाणे फुगलेले, काळेभोर, कडा फाटक्या. शिकाऊ मुलांनाही दाखवता येईल इतक्या ठसठशीत. काचेवर ठिपका नव्हता. आणि त्या कडेवर नजर खिळलेली असतानाच तिला ती दुपार आठवली.

ती डबा खात होती. तानाजी दारात उभा होता, आत न येता, हातात एक काच अलगद धरून. जुन्या काचा डब्यात लावायचं काम त्या आठवड्यात त्याच्याकडे होतं. "मॅडम, ही ऋजुता मॅडमची आहे. लावता लावता बघितली. एका कडेला जरा वेगळं वाटतंय. तुम्ही बघता का एकदा?" तेव्हा तिला आला होता तो राग कसला होता, ते आज नेमकं कळलं. ज्याचं स्वतःचं धड नाही तो दुसरीच्या कामात नाक खुपसतो, याचा तो राग होता. "तानाजी, आधी आपल्या काचा नीट बघ. दुसऱ्यांच्या कशाला उघडतोस?" "हो मॅडम," तो म्हणाला होता आणि क्षणभर तिथंच थांबला होता. तिनं पोळीचा तुकडा मोडला, तेव्हा तो गेला.

तिनं ऋजुताला आत बोलावून खुर्ची दिली. ऋजुता आयपीसला डोळे लावून बराच वेळ बसली. मान वर केली तेव्हा तिच्या डोळ्यांभोवती दोन लाल वळी उमटली होती. "हे मला दिसायला हवं होतं," ती म्हणाली.

"हो."

"त्या महिन्यात मी दिवसाला नव्वद काढत होते मॅडम. तुम्ही मीटिंगमध्ये सगळ्यांना सांगितलेलं, ऋजुताकडून शिका."

"मी वेगाबद्दल नव्हते म्हणाले."

"माहितीये." तिनं काच सूक्ष्मदर्शकाखालून काढली. मग रडायला यावं तसा आवाज काढून, पण न रडता, म्हणाली, "पहिल्या वर्षी मी एकेक काच दोनदा बघायचे. मग एकदा माझी एक चूक माझ्याच लक्षात आली, घरी गेल्यावर. सकाळी धावत आले तर तुमची सही होऊन रिपोर्ट निघायला तयार. मी तो थांबवला, तुम्हाला सांगितलं. तुम्ही काय म्हणालात आठवतं? म्हणालात, किती प्रामाणिक मुलगी आहे. काच मागितलीसुद्धा नाहीत. त्या दिवशी मला कळलं, इथं मी काही केलं तरी ते चांगलंच दिसणार. तुम्हाला दोष देत नाहीये. पण माणूस सैल पडतो हो."

ती गेल्यावर देवयानी दिवा न मालवता बसून राहिली. तिला आठवला मेडिकलचा पहिला आठवडा. शरीरशास्त्राचे सर हजेरी घेताना तिच्या नावावर थांबले होते. "गुरुदत्त सरांची मुलगी का तू? डोंबिवलीच्या? मग तुझी काळजी नाही." तिचे वडील गणिताचे मास्तर, अर्धं डोंबिवली त्यांच्या हाताखालून गेलेलं. त्या एका वाक्यानंतर पाच वर्षं तिला कुणी आडवं विचारलं नव्हतं. तोंडी परीक्षेत ती अडखळली तर परीक्षक म्हणायचे, विचार कर, येतंय तुला; आणि खरंच यायचं. शेजारची मुलगी, जव्हारकडची, अडखळली की ते घड्याळ बघायचे. त्या मुलीचं पुढे काय झालं? नाव काय होतं तिचं? देवयानीनं आठवायचा खूप प्रयत्न केला. तिची वेणी आठवली, वहीला घातलेलं वर्तमानपत्राचं कव्हर आठवलं, नाव नाही. आपल्याला जे येतं ते खरंच आपलं आहे का, की ते येईपर्यंत कुणीतरी वाट पाहिली म्हणून आलं, हा प्रश्न त्रेपन्नाव्या वर्षी पडावा याची तिला लाज वाटली.

सलिलनं दार न वाजवता डोकं आत घातलं. तो लॅबचा मालक, आणि तिच्याच बॅचचा, त्यामुळे दार तो कधीच वाजवत नसे. त्याच्यापर्यंत बातमी पोचली होती. "कुणाची निघाली?"

"ऋजुताची."

त्यानं शिट्टी वाजवल्यासारखे ओठ केले आणि समोर बसला. "ऋजुताचं नाव यात नको. पुढच्या महिन्यात तिला विभाग सांभाळायला द्यायचाय. तेव्हा तो तानाजी होता ना? काचा रंगवायला कोण असायचं?"

"तो. बऱ्याचदा."

"मग झालं की. रंग फिका बसला होता, पेशी नीट उठून दिसत नव्हत्या, असं लिही. कुणालाही पटेल."

"रंग चांगला बसलाय, सलिल."

"ते तू बघितलंस म्हणून. आणखी कोण बघणार आहे? आणि त्याच्याबद्दल तूच तर लिहून दिलेलंस, फाइलमध्ये आहे. उगाच नवीन काही नाही सांगत आपण." तो अगदी आपुलकीनं बोलत होता. कुणाला पटेल आणि कुणाबद्दल पटेल, हे त्याला बरोबर ठाऊक होतं, कारण सकाळी फोन ठेवताना तिलाही ते पटलंच होतं, काच न बघता. तिनं नाही म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणाली, "बघते." तो समाधानानं उठून गेला. बघते! खोलीत एकटी पडल्यावर तो शब्द तिच्या कानात किती तरी वेळ वाजत राहिला. तिनं पर्स उचलली, ड्रायव्हरला फोन केला आणि म्हणाली, कल्याण.

दुर्गाडीच्या पुलावर गाडी रखडली. खाली खाडीचं पाणी शिशासारखं पडलं होतं. तिला वाटत होतं, तानाजीनं आपल्याला ओळखच दाखवू नये. किंवा ओरडावं, चार लोकांसमोर अपमान करावा. शहाडच्या रस्त्यावरचं ते केंद्र दुकानाच्या गाळ्याएवढं होतं. तानाजी एका म्हातारीचा हात मांडीवर घेऊन बसला होता. त्यानं दोन बोटांनी कातडीवर नुसतं चाचपलं आणि सुई आत गेली, इतक्या सहज की देवयानी बघत राहिली. "झालं पण आजी, सोडा मूठ." "झालं? टोचलंस कधी?" म्हातारी म्हणाली, आणि दारात उभ्या देवयानीला उगाचच सांगू लागली, "ह्यो असला तरच देते मी रगत. नायतर घरी जाते."

तानाजीनं वर पाहिलं. चेहऱ्यावरचं सगळं पुसलं गेलं. "मॅडम! तुम्ही? माझं काय चुकलं का?"

म्हातारी गेल्यावर तिनं सगळं सांगितलं. तो कापसाचा बोळा बोटांत फिरवत ऐकत होता. "लेबलच्या बाजूची ना?" तो म्हणाला. "कडेला घोळका होता. सात-आठ असतील."

"आठवतं तुला?"

"तेवढी एकच आठवते मॅडम. बाकीच्या सगळ्या गेल्या डोक्यातनं."

"मग पुन्हा का नाही म्हणालास? सलिलसरांकडे जायचंस. माझ्याशी भांडायचंस." आपण त्याच्यावरच चिडतो आहोत हे तिला कळत होतं आणि थांबता येत नव्हतं.

तानाजीनं बोळा डब्यात टाकला. "गेलेलो ना मॅडम परत. म्हणजे तुमच्याकडं नाय, मायक्रोस्कोपकडं. म्हटलं, मॅडम एवढ्या ठाम बोलल्या तर मलाच नीट दिसलं नसेल. परत लावून बघितली." त्यानं डब्याचं झाकण लावलं. "खरं सांगू? दुसऱ्यांदा बघितली तेव्हा मला पण ती नॉर्मलच वाटली."

बाहेर रिक्षावाले एकमेकांना हाका मारत होते. देवयानी प्लास्टिकच्या स्टुलावर बसली. माणसाच्या समोर असलेली वस्तू त्याच्या डोळ्यांतून पुसून टाकता येते, आणि त्यासाठी डब्यातली पोळी खाता खाता बोललेलं एक वाक्य पुरतं. बावीस वर्षं डोळ्यांचं काम करून तिला हे ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "तू परत ये तिकडे. मी बोलते. कुणी तुझ्या मागं उभं राहणार नाही."

"नको मॅडम." तो लगेच म्हणाला, पण कडवटपणे नाही. "तिथं मी काच बघायचोच नाय. तुम्हाला त्यात काय दिसेल, ते बघायचो. आता ते जाणार नाय. इथं बरं आहे, इथं शीर लागते नायतर नाय लागत, लगेच कळतं." मग जरा संकोचून त्यानं विचारलं, "ती बाई कशी आहे आता?"

सकाळपासून देवयानीनं रजिस्टर चाळलं होतं, काच पाहिली होती, ऋजुताला बोलावलं होतं, वडिलांना आठवलं होतं, एवढ्या लांब गाडी घेऊन आली होती. पण हे तिनं कुणालाच विचारलं नव्हतं. तिनं तिथूनच फोन लावला. "थोडा पसरलाय," डॉक्टर सुमती म्हणाल्या. "ऑपरेशनची वेळ गेली, रेडिएशन द्यावं लागेल. आशा नाही असं नाही. दोन वर्षांपूर्वी कळलं असतं तर छोट्याशा प्रक्रियेत भागलं असतं, ते तुम्हाला काय सांगायचं." "मला त्यांना भेटता येईल?" "उद्या येतायत. पण देवयानी, तुम्ही कशाला? लेखी पाठवलंत तरी चालेल." "लेखी पाठवतेच आहे," ती म्हणाली. तानाजी दुसरीकडे बघत हातमोजे बदलत होता.

सकाळी तिनं सुधारलेला रिपोर्ट स्वतः टाइप केला. रंग उत्तम असल्याचं लिहिलं, पेशी कुठं आहेत ते लिहिलं, आणि खाली, नियमानुसार गरज नसताना, लिहिलं की मूळ काच सही करणाऱ्या डॉक्टरनं पाहिली नव्हती. एक प्रत सलिलच्या टेबलावर ठेवली. त्यानं वाचून चष्मा काढला. "तुला कळतंय ना, हे कुठपर्यंत जाऊ शकतं?" "कळतंय," ती म्हणाली. त्याच्या आवाजातली आपुलकी गेली होती, तरी ती जिना उतरली.

डॉक्टर सुमतींच्या दवाखान्यात आतल्या छोट्या खोलीत कांता घरत बसली होती. उंच, सावळी, केस घट्ट बांधलेले. डोंबिवलीजवळच्या गावात ती बालवाडी चालवायची. शाळेतून थेट आली होती. साडीच्या निऱ्यांना खडूचा हात लागलेला. मांडीवर पिशवी, आणि पिशवीतून तिनं तो जुना रिपोर्ट काढला, तेव्हा देवयानीला दिसलं की तो प्लास्टिकमध्ये मढवून घेतलाय.

"ठाण्याचा होता ना," कांता जणू माफी मागत असल्यासारखी म्हणाली. "खराब होऊ नये म्हणून. मधे अंगावर जायला लागलं, तर आमच्याकडले डॉक्टर बोलले, वय झालं तुझं, पाळी जायची वेळ आहे. मी पण बोलले, मोठ्या लॅबचा रिपोर्ट आहे आपल्याकडं, खाली मॅडमची सही आहे. कशाला उगाच कुणाला त्रास द्यायचा. दीड वर्ष मी हाच काढून बघायचे." तिनं सहीवर अंगठा फिरवला. "ही तुमचीच ना?"

"माझीच." देवयानीनं रिपोर्टवर बोट ठेवलं. "कांताताई, हा रिपोर्ट चुकीचा आहे. तेव्हाच त्यात आजार दिसत होता. मी ती काच न बघता सही केली."

"न बघता?"

"दहातली एक बघायची असते," ती म्हणाली आणि पुढचे शब्द तोंडातच अडले, कारण समोरच्या बाईच्या डोळ्यांत ते वाक्य जाऊन कुठंच टेकलं नाही. पंख्याचा आवाज येत होता. कांता रागावली नव्हती; निदान अजून नाही. ती काहीतरी समजून घ्यायचा प्रयत्न करत होती, बालवाडीतल्या पोरानं मोडकं खेळणं आणून दिल्यावर कुठं मोडलंय ते शोधावं तशी.

"म्हणजे तेव्हा ते इतकं बारीक होतं, का?" तिनं हळू विचारलं. "कुणालाच दिसलं नाय?"

मान हलवली असती तरी पुरलं असतं. ऋजुता काही बोलली नसती, सलिल सुटला असता, तानाजी कल्याणमध्ये होता आणि कुणाला सांगायला जाणारा नव्हता. आणि कदाचित या बाईलाही ते बरं वाटलं असतं, की दिसण्यासारखं नव्हतंच.

"दिसलं होतं," देवयानी म्हणाली. "आमच्याकडे तानाजी म्हणून एक जण होता. त्याला दिसलं. काच घेऊन तो माझ्या दारात आला होता."

कांतानं रिपोर्ट मांडीवर उलटा ठेवला. "मग?"

"मी त्याला परत पाठवलं."